टोपण लावून काढलेले वीस फोटो

३ नोव्हेंबर, सोमवार

आले बाई एकदाची. दोन ट्रंका, एक वळकटी आणि माझे दोन गुडघे, एवढं सामान सुखरूप पोचलं. जावयानं दोन्ही ट्रंका एकदम उचलल्या. मी म्हटलं, एकीत बाटल्या आहेत, जपून. तर म्हणाला, आई, तीस वर्षं बाटल्याच बघितल्यात, अजून हौस फिटली नाही का? हसला की त्याचे खांदे हलतात. खांदे पण असे की दारातून तिरका होऊन आत येतो. त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतलाय, लोकर पुरेल असं काही वाटत नाही.

ही वही म्हणजे भिंगरीची देणगी. भिंगरी माझी नात, वय वर्षं आठ, एका जागी पाच मिनिटं बसेल तर शपथ. तिनं फर्मान काढलंय की आजीनं रोज लिहायचं आणि ती लाल पेन्सिलीनं तपासणार. मी चौथीत शाळा सोडली ती थेट बाटल्यांच्या कारखान्यात गेले. काम काय, तर उजेडासमोर बाटली धरायची आणि आत बुडबुडा, तडा, केस, काही दिसलं की बाजूला काढायची. दिवसाला हजारांनी बाटल्या. लिहिण्यात चुका होतील, पण बघण्यात माझी चूक आजवर कुणी काढलेली नाही. हे भिंगरीला सांगितलं तर म्हणाली, आजी, फुशारकी नको, शुद्धलेखन बघ.

घर गावाच्या अगदी टोकाला. जावयाला पंपघरात नोकरी, लेक टपाल कचेरीत खिडकीवर. पंपघराचा भोंगा दुपारी बाराला वाजतो तेव्हा कपबशा हलतात. घरात पाचवा जीव म्हणजे साहेब. साहेब हा बोका. अंगानं काळा, चारी पायांत पांढरे मोजे, आणि मिजास अशी की माझ्या ट्रंकेवर बसला तो उठायलाच तयार नाही.

स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या, पोरांची उंची मोजतात तशा. दोन पोरं असावीत, एक उंच, एक बुटकं. लेक म्हणाली, आम्ही यायच्या आधीपासून आहेत.

मुलाकडे सहा वर्षं एका खोलीत काढली. दार वाजवून जेवणाचं ताट यायचं, दार वाजवून जायचं. वाईट कुणी बोललं नाही, बोललंच नाही कुणी. इथे लेकीनं सांगितलंय, आता कायमची राहा. भिंगरी रोज सकाळी अंगावर उडी मारणार म्हणते. मोडू देत हाडं. मला या घरातलं माणूस होऊन राहायचंय, बाकी काही मागणं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

गच्चीवर एक पत्र्याची खोली आहे, तिचं छप्पर रुळावर मागे सरकतं. आत दुर्बीण. माझ्या कमरेएवढी जाड नळी, खाली वजनदार यंत्र, पाठीला कॅमेरा. मला वाटलं पाण्याचा बंबच आहे.

ही दुर्बीण घरमालकांची. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं म्हणून सगळे चष्मेवाले म्हणतात. हे घर त्यांनी स्वतः बांधलं, एक एक वीट स्वतः लावली असं सांगतात. पण एकट्या माणसाला एवढ्या खोल्या कशाला, म्हणून शेजारच्या दोन खोल्यांत राहायला गेले. लग्न केलं नाही. सभ्य माणूस, मला ताई म्हणतात, बोलताना चष्मा पुसत राहतात.

मी खोचकपणे विचारलं, मग चौकटीवर रेघा कुणाच्या? म्हणाले, घराबरोबरच आल्या असतील. मी घरी येऊन लेकीला म्हटलं, घर यांनी बांधलं, यांच्या आधी कुणी राहिलंच नाही, मग घराबरोबर रेघा आल्या कुठून? लेक म्हणाली, आई, आल्या आल्या सुरू करू नकोस.

बरं, नाही करत. पण मनात टाचून ठेवलंय.

चष्मेवाल्यांना हात कापतो म्हणून फोटो काढता येत नाहीत. कुणीतरी शिकावं अशी फार इच्छा. जावयाला वेळ नाही, लेकीला आवड नाही. मी म्हटलं, मी शिकते. सगळे हसले. मीही हसले, पण शिकणार.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चंद्र उशिरा उगवायला लागला आणि आमची शाळा सुरू झाली. आज पहिला फोटो. नीट लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

आधी ध्रुवतारा बघून यंत्र सरळ करायचं. मग ते यंत्र दुर्बिणीला आकाशाबरोबर सावकाश फिरवत राहतं, म्हणून तारा जागचा हलत नाही. आज देवयानी नावाची दीर्घिका. नुसत्या डोळ्यांना बोटाचा डाग पडल्यासारखी दिसते, आणि चष्मेवाले सांगतात त्यात तारेच तारे आहेत, मोजता येणार नाहीत इतके. एक फोटो काढून भागत नाही. एकाच जागेचे साठ काढायचे, एक एक मिनिटाचे, आणि कॉम्प्युटर ते एकावर एक रचतो. जे सगळ्या फोटोंत आहे ते ठेवतो. जे दोनचारांतच आहे, विमान म्हणा, काही म्हणा, ते तो आपोआप फेकून देतो. हे मला लगेच समजलं. आमच्या कारखान्यातही तसंच, एका बाटलीत बुडबुडा म्हणजे बाटली वाईट, सगळ्यांत बुडबुडा म्हणजे साचाच तसा.

साठ होईपर्यंत गच्चीवर कुणी यायचं नाही. दिवा नको, पावलांचा हादरा नको. मग शेवटी टोपण लावून वीस फोटो काढायचे. म्हणजे अंधाराचे फोटो. त्यात कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खोडी उमटतात, आणि त्या खोडी कॉम्प्युटर मुख्य फोटोतून वजा करतो. टोपण लाकडी, आतून काळं मखमली कापड. नळी आकाशाकडे असली की माझा हात पुरत नाही, म्हणून चष्मेवाल्यांनी शिकवलं, नळीची मान खाली घालायची, टोपण लावायचं आणि तशीच राहू द्यायची. झाकलेल्या दुर्बिणीला काय दिसणार? तेव्हा मान वळते ती भिंतीजवळच्या बाकाकडे. कापड आतून ओलसर लागलं, कुणी श्वास सोडल्यासारखं. दव असेल.

ही वीस मिनिटं आम्हाला मोकळी. दिवा लावा, चहा आणा, गप्पा मारा. जावई चहा घेऊन आला, भिंगरी नाचून गेली. बाकावर मात्र साहेब. वीसच्या वीस मिनिटं हलला नाही, टोपणाकडे बघत बसला. मी आपली मागे, कॅमेऱ्याला जोडलेल्या लॅपटॉपपाशी. फार सुंदर वेळ गेला.

सगळे फोटो चष्मेवाल्यांना दिले. उद्या दुपारी बाराला बसून रचतो म्हणाले. ती त्यांची ठरलेली वेळ.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काय फोटो झालाय! बाटलीच्या काचेत फुंकर गोल फिरावी तशी ती देवयानी. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, इतकं स्वच्छ चित्र कुणाचंच येत नाही, आपल्या दुर्बिणीचं हे वैशिष्ट्य आहे, काही म्हणजे काही उरत नाही, फक्त तारे.

दुपारी कुणाचं तरी मांजर खिडकी ओरबाडत बसलं होतं. काळं, पाय पांढरे. भलतंच धीट, घर आपलंच असल्यासारखं. लेकीनं पाणी मारून हाकललं. संध्याकाळपर्यंत अंगणात ओरडत होतं, मग आवाज थांबला. आमच्याकडे जनावर नाही आणि कुणाला आवडही नाही. पण ओट्याखाली एक ताटली सापडली, दूध वाळलेलं. मी भिंगरीला विचारलं, तू घालतेस का त्याला? ती नाही म्हणाली, आणि खोटं बोलली की तिचे कान लाल होतात, ते झाले नव्हते.

मग ताटली कुणी ठेवली? चष्मेवाल्यांकडे घराची दुसरी किल्ली आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भिंगरीची परीक्षा आहे म्हणून वहीची तपासणी रखडली आहे. मीही मागची पानं वाचत नाही, ते तिचं खातं.

सकाळी रिकामी होते. लॅपटॉपवर ते टोपण लावलेले वीस फोटो उघडले. ते कुणी बघत नाही, काळेच असतात. पण मला न बघता पुढे ढकलायची सवय नाही. खाली उजेड वाढवायचा एक पट्टा असतो, तो पार टोकाला सरकवला.

काळ्यात काळं काहीतरी बसलेलं. वर दोन चमकते ठिपके, खाली चार पांढरे. वीसही फोटोंत तेच, तिथेच.

मी टोपण उजेडासमोर धरून बघितलं, एक सुईएवढं भोक नाही. चष्मेवाल्यांना विचारलं, तर न बघताच म्हणाले, गरम झालेले ठिपके आहेत, कॅमेरा तापला की येतात. मी म्हटलं, गरम ठिपके मांजरासारखे बसतात का? ते चष्मा पुसायला लागले. हा माणूस काहीतरी लपवतोय. बाटली हातातून लवकर पुढे सरकवणारा कामगार मी लांबून ओळखते.

संध्याकाळी पुन्हा देवयानी. जावयाची सुट्टी, म्हणून टोपणाच्या वेळी आज तो निवांत बाकावर बसला, हातात चहा. त्याला ते मांजराचं सांगितलं तर टोपणाला टाचा जुळवून सलाम ठोकला, साहेब, माझाही एक फोटो येऊ द्या म्हणाला. खांदे हलले. मी मागून त्याच्या खांद्यांचं माप डोळ्यानंच घेतलं. चार बोटं वाढवावी लागणार.

१६ नोव्हेंबर, रविवार

फोटो पहिल्यापेक्षा चांगला. चष्मेवाले स्वतः घेऊन आले.

संध्याकाळी वाईट प्रकार झाला. एक माणूस दाराशी आला, पंपघराचे कपडे, धिप्पाड. सरळ किल्ली लावून आत. लेक किंचाळली. तो हसायला लागला, मग हसायचा थांबला. लेकीला नावानं हाक मारली, मला आई म्हणाला. मी पोलिसांना बोलावते म्हटल्यावर मागे सरकला, तेवढ्यात आम्ही दोघींनी जोर लावून दार लावलं, कडी घातली. बाहेरून बोलत राहिला. स्वेटर कुठपर्यंत आला विचारत होता. स्वेटरचं त्याला कुणी सांगितलं? भिंगरी पडद्यामागून म्हणाली, आजी, त्या काकांना माझं नाव माहीत आहे. मी तिला बजावलं, अनोळखी माणूस आला तर दारातच थांबायचं, नीट विचारायचं कोणाकडे आलात, आणि सांगायचं आई घरी नाहीये.

तासभर दार वाजत होतं. मग हळू. मग नाही.

घराची किल्ली चष्मेवाल्यांनीच दिली असणार त्याला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पंपघरातून कचेरीत फोन आला, तुमचा माणूस दोन दिवस कामावर नाही. लेकीनं सांगितलं, चुकीचा नंबर. संध्याकाळी पुन्हा आला, तर तेच म्हणाले, चुकीचा नंबर.

स्वेटर काढला. पाठ विणून झालीय आणि ती माझ्या दोन हातांत मावत नाही. एवढा मोठा कुणासाठी घेतला मी? लोकर माझी, टाके माझे. लेकीच्या बोटावर अंगठी रुतून पडतो तसा पांढरा वण आहे. मी बघितलं तशी तिनं हात पदराखाली घेतला. भिंगरीच्या बापाचं विचारलं. नव्हताच कुणी म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. माझी लेक माझ्याशी खोटं बोलतेय की तिला खरंच — कळत नाही.

स्वयंपाकघरात चार खुर्च्या. आम्ही तिघी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

परीक्षा संपली. भिंगरीनं हट्ट धरला म्हणून आज कृत्तिका काढल्या, सात बहिणींचा पुंजका, त्यांच्याभोवती निळा धूर. टोपणाच्या वेळी पोरगी बाकावर बसली. वीस मिनिटं न हलता, मी पैज लावली होती. जिंकली.

चष्मेवाले परवा आकाश बघणाऱ्या हौशी लोकांच्या मेळाव्याला चालले. म्हणाले, हे चित्र मी उद्या रचणार नाही, शनिवारी बाराला तिथं सगळ्यांसमोर मोठ्या पडद्यावर रचेन, आजीबाईंचं चित्र म्हणून. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भिंगरी लाल पेन्सिल घेऊन वही तपासायला बसली. पहिल्याच पानावर थांबली. "आजी, आपला बोका कुठे गेला? आणि हा जावई कोण?"

मी म्हटलं, दे इकडे.

अक्षर माझं. चुकासुद्धा माझ्याच. साहेब, चारी पायांत मोजे. खांदे हलतात. आई, अजून हौस फिटली नाही का. तीन वेळा वाचलं. आधी वाटलं कुणी माझं अक्षर गिरवून लिहिलं. मग पुढची पानं. बाकावर साहेब बसला, दुसऱ्या दिवशी बारानंतर परकं मांजर ओरबाडतंय. बाकावर जावई बसला, दुसऱ्या दिवशी परका माणूस दारात. आधी आठवण जाते, मग थोड्या वेळानं तो जीवही नाहीसा होतो. आणि दार मी लावलं. कडी मी घातली.

पंधरा तारखेचे फोटो उघडले. पट्टा टोकाला. बाकावर माणूस. कपाळावर हात, दुसऱ्या हातात कप. हसतोय. मला तो अजूनही आठवत नाही. माझ्या लेकीचा नवरा, आणि मी त्याच्याकडे रस्त्यावरच्या माणसासारखी बघतेय.

मग कालचे उघडले. भिंगरी. वीसच्या वीस.

तशीच चष्मेवाल्यांकडे गेले. सगळं सांगितलं, वही दाखवली. म्हटलं, ते वीस पुसून टाका. त्यांच्या कॉम्प्युटरवर त्यांचे जुने टोपणाचे फोटो होते, वर्षानुवर्षांचे. मी एक उघडला आणि पट्ट्याला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ताई, तो पट्टा सरकवू नका. मी वीस वर्षांत एकदाही सरकवलेला नाही."

मी म्हटलं, चौकटीवरची पोरं तुमची. ते म्हणाले, माझं लग्न झालेलं नाही. हळू म्हणाले, मलाच विचारल्यासारखे. मग पुसतो म्हणाले. पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ते पहाटेच गेले. कॉम्प्युटर बरोबर घेऊन.

फोन केला. पुसले का? आधी मेळाव्याचंच सांगत राहिले. मग म्हणाले, टोपणाचे फोटो वजा केले नाहीत तर चित्र शुद्ध होत नाही, आणि ते काळेच आहेत, तुमच्या मनाचे खेळ आहेत. हे फोटो पुसायचे म्हणजे यांना मानावं लागणार की त्यात माणूस असतं. मग स्वतःचे उघडून बघावे लागणार. ते नाही करणार. पाया पडते म्हटलं. शेवटी म्हणाले, वाटल्यास आणखी काढून पाठवा, सगळे एकत्र घालतो. जे थोड्यांत असेल ते यंत्र फेकून देईल.

जे थोड्यांत असेल ते.

लेकीला सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावला. दादाशी बोलते म्हणाली. म्हणजे परत ती खोली, ते ताट. असू दे.

अंधार पडल्यावर नळी कोऱ्या भिंतीकडे वळवली. टोपण लावून पाच काढले, पट्टा सरकवला. भिंत नाही. भिंगरी. ती खाली झोपलेली, तरी पाचांत भिंगरी. सोडत नाही. एकदा धरलं की दुसरं कुणी समोर येईपर्यंत —

दुसरं कुणी.

नळी बाकाकडे वळवली. समोर बसून एक काढला. बघितला. मी. चष्मा, अंबाडा. फक्त मी. त्यात भिंगरी नाही.

ते पाच मी इथेच पुसले, पाठवणार नाही. तिचे तिकडे वीस आहेत. माझे वीसपेक्षा जास्त हवेत. लॅपटॉपला चाळीसचा आकडा घातला आणि परत बाकावर बसले. टोपण समोर. आत कापडावर काहीतरी हळू फुगतं, बसतं. बघायचं नाही ठरवलं, तरी बघितलं. मला न बघता पुढे ढकलायची सवय —

एकतीसला बॅटरी गेली. एकतीस. पुरतील. पुरायलाच —

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी भिंगरीनं एकतीसही पाठवले. बटण तिनंच दाबलं. आजी, काय गं आहे यात? म्हटलं, काळोख. आज अंगावर उडी मारली तिनं. हाडं मोडली नाहीत.

स्वेटर घडी करून ट्रंकेत ठेवला. त्याच्यावर ताटली.

अकरा. फोन उचलत नाहीत.

पावणेबारा. लेक कचेरीत. भिंगरी अंगणात, आवाज येतोय. मी वर गच्चीच्या खोलीत, दाराकडे तोंड करून. एकतीस आणि वीस. कारखान्यात असं असतं तर वीस बाजूला निघाल्या असत्या. हो. निघाल्या असत्या —

भोंगा.

खाली कपबशा वाजल्या. थांबल्या.

अंगणातून आवाज नाही —

जिन्यावर पावलं.

भिंगरी. आहे. पुरती आहे. वेण्या, खरचटलेलं कोपर, हातात लाल पेन्सिल. आहे गं बाई, आहे.

दारातच थांबली. आत आली नाही.

"तुम्ही कोणाकडे आलात? आई घरी नाहीये."

शहाणी माझी ती. असंच विचारायचं. असंच शिकवलं होतं —

म्हटलं, बसते जरा, मग जाते. तिची नजर वहीवर. विचारते, ही माझी आहे का, माझ्या वहीसारखी दिसते. म्हटलं, तुझीच आहे, एवढं लिहून होऊ दे, देते. पेन्सिल पुढे करून उभी आहे.

लिहिते. भिंगरे, पहिल्या पानापासून वाच. शुद्धलेखन नंतर बघ, आधी वाच. आणि त्या बाकावर कधी, कुणालाही, टोपण लावलेलं असताना —